गोळ्या दोघांनी घ्यायच्या

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाडा. फोन केला असता तर तुम्ही उचलला नसता, आणि उचलला असतात तर माझीच बोबडी वळली असती. तुम्ही समोरून "हं, बोल" म्हणालात की माझी अर्धी वाक्यं जागच्या जागी मरतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गुडघा कसा आहे? लायब्ररीत अजून वरच्या मजल्यावर चढावं लागतं की आता तरी खालचं टेबल दिलं? धाकटीच्या दातांची तार निघाली का? निघाली असेल तर रात्रीची पट्टी लावायला सांगा. पोरी कंटाळा करतात आणि दात पुन्हा आपल्या मूळ जागी जाऊन बसतात.

मी ठीक आहे. काम तेच, खोली तीच. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खिडकी, दोन टेबलं आणि पॉलिशचं मशीन. दिवसभर प्लॅस्टरचे जबडे माझ्याकडे आ वासून बघत असतात. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं, मग घासायचं. परवा एका निवृत्त शिक्षकांनी कवळी परत पाठवली, सोबत निरोप की दात फार पांढरे आहेत, घरचे हसतात. पिवळट करून दिले. आता म्हणे ते स्वतःच हसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बाई, माणसाला समाधान देणं आपल्या पगारात बसत नाही."

घरी जाते, जेवते, झोपते. दमायला होतं, पण ते कामामुळे नाही. काम बरंच बरं.

गेल्या आठवड्यात आई आल्या होत्या. तुमच्या आई. माझ्या तोंडातून अजून "आई"च येतं आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. तुम्हाला त्यांनी सांगितलं नसेल, पण घटस्फोटाचे कागद होऊन दीड वर्ष झालं तरी कवळीचं काही निघालं की त्या माझ्याकडेच येतात. खालची हिरडीला टोचत होती. काढून माझ्या हातात दिली आणि रुमाल तोंडाला लावून स्टुलावर बसल्या. मी टोचणारी कड घासत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "त्याचं थरलंय."

दात नसले की त्यांचा ठ जातो. मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय ठरलंय?"

"लग्न. बाहेरून कळण्यापेक्षा म्हटलं मीच सांगावं."

मी मशीन बंद केलं नाही. बरंच झालं म्हटलं. खरंच म्हटलं, ताई, मनापासून. मुलगी घड्याळाच्या दुकानात काम करते, आईविना वाढलेली आहे, स्वभावाने गरीब आहे, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग कवळी परत तोंडात घातली, दोनदा चावून बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ह्या वेळी आम्ही आधीच डॉक्टरला दाखवून घेतलं. सोनोग्राफी झाली. पोरीत काही दोष नाही."

मी विचारलं, "आणि त्याला दाखवलं?"

"त्याला काय धाड भरलीय?"

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. त्या हात हलवून गेल्या. त्यानंतर मी जे काही केलं ते दोनदा करावं लागलं. एका कवळीला तर डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला.

ताई, तुमच्या भावाचं लग्न कधी आहे? तारीख कळवाल का? मला यायचं नाहीये, घाबरू नका. पण तारीख हवी आहे.

मुलांना आशीर्वाद.

मुंगी

(ही सही वाचून राग आला तर येऊ दे. नाव तुम्हीच ठेवलं होतंत.)


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. पण आईंकडून कळलं की लग्न दोन महिन्यांवर आलंय. म्हणजे आता आडवळणाने लिहायला सवड उरली नाही. हे पत्र जेवताना वाचू नका, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तुम्हाला आठवतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी तुमच्याकडे राहायला आले होते आणि पोटाशी उशी धरून बसायचे? तुम्ही म्हणालात, "काय गं मुंगे, सारखी पोट धरून?" मी म्हटलं, गॅस झालाय. गॅस नव्हता. ओटीपोटात खोल कुठेतरी दुखायचं, दुखायचं म्हणजे ठणका नाही, कुणीतरी आतून मूठ आवळून बसल्यासारखं. अंगावरून पांढरं जायचं. नवरा जवळ आला की दुखायचं, ते मी कुणाला सांगणार? आईंना अंगावरून जाण्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, सगळ्याच बायकांना असतं, त्यात काय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट न तपासता दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पुन्हा गेले तर पुन्हा त्याच दिल्या. मग आपोआप कमी झालं. मला वाटलं, गेलं.

नंतरची वर्षं तुम्हाला माहीतच आहेत. मूल का नाही, हे विचारायला लोक कुठूनकुठून यायचे. तुम्हीही खूप केलंत. चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिलात, स्वतः येऊन घेऊन जाते म्हणालात. तिथे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की नवऱ्यालाही आणा. तो आला नाही. लिफ्ट बसवायची कामं बाहेरगावी, आज इथे उद्या तिथे. "माझं सगळं व्यवस्थित आहे, तू तुझं बघ." मी माझं बघत राहिले.

मग तो दिवस. मी मशीनवर उभी होते. आधी पोटात कळ आली आणि मग, विचित्र म्हणजे, खांदा दुखायला लागला. खांद्याचं टोक. मला वाटलं मान अवघडली. मग समोरची खिडकी पांढरी होत गेली. दातांचे डॉक्टर सांगतात, मी पडताना हातातली कवळी काही सोडली नाही. त्यांनीच गाडीत घालून नेलं.

गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती, एवढं तुम्हाला कळलं होतं. पुढचं तुम्हाला अर्धंच कळलं. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई माझ्या कॉटवर येऊन बसल्या. उभ्या राहून बोलल्या नाहीत, बसल्या. म्हणाल्या, एक नळी काढावी लागली. दुसरी आहे, पण तीही आतून चिकटलीय, आजूबाजूला जाळं धरल्यासारखं झालंय. जुन्या संसर्गाचे व्रण आहेत. एक जंतू असतो, क्लॅमिडिया. नाव ऐकून मला वाटलं एखाद्या फुलझाडाचं असेल. तो बाईच्या अंगात शिरतो तेव्हा बरेचदा काहीच जाणवत नाही. हळूहळू वर चढतो, गर्भाशयातून नळ्यांमध्ये. नळ्या इतक्या नाजूक की आतला भाग एकदा खराब झाला की पुन्हा तसा होत नाही. गर्भाला वाट मिळत नाही, किंवा मध्येच अडकतो.

मी विचारलं, "हे कशाने होतं?"

"संबंधातून. एकाकडून दुसऱ्याला. पुरुषाच्या अंगातही तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्याला कळतही नाही."

"माझ्या लग्नाआधी कुणी..."

"मी ते विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाकडून कुणाला हे शोधायला मी काही पोलीस नाही. तपासणीत जंतू अजून दिसतोय, म्हणून औषध द्यायचं. आठवडाभराच्या गोळ्या आहेत. आणि दोघांनी घ्यायच्या. एकाने घेतल्या तर उपयोग नाही, तो परत तुमच्याकडे येणार."

बाहेर जाऊन त्यांनी हेच तुमच्या भावाला सांगितलं. तुम्ही आणि आई जवळच उभ्या होतात. मग तुम्ही आत आलात. मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. तुम्ही कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणालात, "आमच्या घरात असला रोग कधी नव्हता."

बोलण्याएवढं रक्त अंगात नव्हतं. तुम्ही गेलात, त्यानंतर आपण बोललोच नाही.

मी गोळ्या घेतल्या. मळमळायचं, पण सगळ्या घेतल्या. त्याच्या गोळ्या टेबलावर पडून होत्या. मी म्हटलं, घे ना. तो म्हणाला, "माझं काय दुखतंय? निरोगी माणसाने औषध कशाला खायचं?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाल्यात. म्हणाला, "त्यांना गोळ्या खपवायच्या असतात." मी हातापाया पडले, भांडले, अबोला धरला. शेवटी म्हणाला, "घेतल्या, बस?" मी विश्वास ठेवला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर जंतू पुन्हा हजर. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "त्यांनी घेतल्या नव्हत्या का?"

मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तूच कुठेतरी जातेस." त्या वाक्यावर मी उठले आणि पिशवी भरली. तुम्हाला सांगितलं गेलं असेल की मूल होत नाही म्हणून ती निराश होऊन गेली. निराश होते, खरं आहे. पण गेले ती त्या वाक्यावर.

तर ताई, हे सगळं आता का लिहितेय. त्या मुलीची सोनोग्राफी झाली, तिच्यात दोष नाही. आणि तो तसाच जाणार तिच्याकडे. पाच वर्षांनी आई पुन्हा माझ्यासमोर स्टुलावर बसतील आणि सांगतील की ह्याही पोरीत दोष निघाला.

त्याला तपासायला न्या. तो जगात फक्त तुम्हाला घाबरतो. मला त्याचा सूड घ्यायचा नाही, मला तेवढी ताकदही नाही. फक्त न्या.

मुंगी


६ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं. पाच ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. खोडलेलं उजेडात धरून वाचलं, त्याबद्दल माफ करा.

तुम्ही विचारता, पुरावा काय. तो म्हणतो मी खोटं बोलते आणि लग्न मोडायला टपून बसले आहे. तुम्ही म्हणता, माझ्या रिपोर्टची झेरॉक्स पाठव.

पाठवणार नाही. राग मानू नका. तो कागद माझ्या अंगाबद्दलचा आहे. माझ्या अंगाबद्दल तुमच्या घरात आधीच पुष्कळ बोलून झालंय. आणि तो पाठवून तुम्हाला काय कळेल? मला होता, एवढंच. त्याला आहे की नाही हे माझ्या कागदावर कसं लिहिलेलं असेल? कदाचित आता नसेलही. डॉक्टरीणबाईंना मी फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, आपोआप गेलाही असेल, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. तपासणी म्हणजे तरी काय, पुरुषाची लघवी तपासतात. सुई नाही, कापाकापी नाही. बाटली घ्यायची, आत जायचं, बाहेर यायचं. जो माणूस बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, त्याला एवढं जमू नये?

तपासणीत जंतू निघाला नाही तर मी खोटी ठरेन. ठरू दे की. मी तुमच्या घरात याहून जास्त खोटी ठरून झाले आहे.

खोडलेल्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं, "तू हे तेव्हाच मला का नाही..." आणि पुढे खोडलंत. त्याचं उत्तर तुम्हालाच माहीत आहे, म्हणून खोडलंत ना.

इथे आता उन्हं वाढलीत. मेण हातात घेतलं की मऊ पडतं, दात सरकतात. सकाळी लवकर जाऊन काम उरकते. संध्याकाळी खुर्ची गॅलरीत ओढून बसते आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांनी कपडे काढून नेलेले बघते. विचार करत नाही. दमलेल्या माणसाला विचार न करता येण्याची एक सोय असते.

डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. त्या वेळ देतील. त्या कुणालाच ओरडत नाहीत, हेही त्याला सांगा.

मुंगी


२९ मार्च

प्रिय ताई,

एवढं मोठं पत्र तुम्ही आयुष्यात कुणाला लिहिलं नसेल. तीनदा वाचलं. मध्येच हसूही आलं, त्याला बाटली घेऊन आत पाठवलंत आणि स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसलात, ते वाचून. आतून तो ओरडला, "ताई, तू अशी बसलीस तर होणार नाही!" आणि तुम्ही म्हणालात, "होईल. लहानपणी व्हायचं." डॉक्टरीणबाई पण हसल्या असतील.

पण पुढे वाचलं आणि हसू गेलं. म्हणजे होता. अजून होता.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर काहीतरी वाटेल. सुटल्यासारखं, जिंकल्यासारखं. काही वाटलं नाही. पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि एका आजोबांचा वरचा जबडा पूर्ण केला.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही त्याच्या घरी जाऊन राहिलात, आणि आठवडाभर रोज दोन्ही वेळा स्वतः समोर उभं राहून त्याला गोळी दिलीत, पाणी दिलंत आणि तोंड उघडून दाखवायला लावलंत. त्याबद्दल तुम्हाला काय म्हणू? मी त्याची बायको असताना हे करायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नका वाटू देऊ. माझ्यासमोर त्याने तोंड उघडलं नसतं. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "तिला माझ्यामुळे झालं होतं का गं?" आणि तुम्ही "हो" म्हणालात. तो मग बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. बरं झालं तुम्ही ते लिहिलंत. मला तो माणूस वाईट आहे असं कधी वाटलंच नाही, ताई. त्याला स्वतःकडे बघायची भीती वाटते. पण त्याच्या भीतीत माझी नळी गेली.

आता तुम्ही विचारलंय त्याबद्दल. "आता तो बरा झाला, तर त्या मुलीला कशाला सांगायचं? उगीच बिचारीचं लग्न मोडेल."

मला कळतं तुम्ही का म्हणता ते. पण नाही, ताई. तिला सांगायला हवं. ती दोघं दर रविवारी भेटतात, असं आईच म्हणाल्या. कुठवर आलीत हे तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. तिला माहीत आहे. म्हणून तिला तपासून घ्यायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. तिच्यात असेल आणि एकटा तोच बरा झाला असेल, तर लग्नानंतर जंतू परत त्याच्याकडे येईल, आणि तेव्हा काय म्हणतील? तिच्याकडूनच आला. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, फक्त बाई दुसरी.

आणि लग्न मोडेल म्हणता. मोडलं तर मोडलं. मोडलेल्या लग्नातून माणूस उठतो, मी बघा रोज सकाळी उठतेच आहे. नळी मोडली की ती उठत नाही.

मी तिला सांगणार नाही. मी सांगितलं तर ती सवतीचं ऐकल्यासारखं ऐकेल. तुम्ही सांगा. तुम्ही होणारी नणंद म्हणून नका सांगू, एक बाई म्हणून सांगा. आणि आईंनाही सांगा. त्यांना वाटतं माझ्यातच दोष होता. मी त्यांच्यासमोर वाकून त्यांच्या हिरड्या बघत असते आणि त्या माझ्याकडे दयेने बघत असतात. ती दया मला आता पेलत नाही.

एवढं झालं की मी तुम्हाला काही मागणार नाही.

मुंगी


२१ एप्रिल

प्रिय ताई,

ती आली होती.

दुपारी दवाखाना रिकामा होता. दातांचे डॉक्टर जेवायला गेले होते. दार ढकलून एक बारीकशी मुलगी आत आली आणि प्लॅस्टरच्या जबड्यांकडे बघतच राहिली. मी म्हटलं, दवाखाना चारला उघडतो. ती म्हणाली, "मला दात दाखवायचे नाहीत. मी घड्याळाच्या दुकानातून आले."

मी तिला स्टूल दिलं. चहा केला. ती कप दोन्ही हातांत धरून बसली, प्यायली नाही. म्हणाली, "ताईंनी मला सगळं सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तर बाहेर फुटपाथवर उभ्या राहिल्या अर्धा तास. मग मला घेऊन बागेत बसल्या. सांगताना त्यांचा आवाज दोनदा बंद पडला."

मला हे खरं वाटेना. तुमचा आवाज, आणि बंद पडला!

तिने तपासून घेतलंय. होता. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फार दिवस झालेले नाहीत, दुखत नाहीये, ताप नाही, वर चढल्याची काही खूण नाही. गोळ्या घेऊन झाल्या, तीन महिन्यांनी परत बघायचं. हे तिने मला अशा आवाजात सांगितलं जसं काही माझीच परवानगी हवी होती. मी म्हटलं, छान. खरंच छान. आणि मला एकदम रडू आलं, ताई, काहीही कारण नसताना. ती बिचारी घाबरली. रुमाल शोधायला लागली, मिळेना, तर टेबलावरचं पॉलिशचं फडकं माझ्या हातात दिलं. माझ्या सगळ्या तोंडाला पांढरी पूड लागली. मग दोघी हसलो.

लग्नाचं विचारलं नाही मी. तिनेच सांगितलं की पुढे ढकललंय. "तुटलं नाही, पण आत्ता नाही. आधी माझं मी बघते." तो तिच्या दुकानात आला होता म्हणे, काउंटरसमोर उभा राहिला, काही बोलायला गेला आणि घड्याळाचा पट्टा बदलून निघून गेला. ती म्हणाली, "त्यांनी माफी मागितली तर मी विचार करेन. पट्टा बदलणं ही माफी नाही." मला ती मुलगी आवडली.

जाताना दाराशी थांबली. म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला त्या दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशीच कळलं का, की दिवस गेले होते?"

मी हो म्हटलं. सगळ्यांना तेच माहीत आहे, म्हणून हो म्हटलं. ती गेली.

आई परवा आल्या होत्या. तुम्ही त्यांना सांगितलंत हे मला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. कवळी टोचत नव्हती. स्टुलावर बसून राहिल्या. मी काम करत होते. मग म्हणाल्या, "मी तुला किती डॉक्टर, किती उपास, किती काय काय सांगितलं गं." मी म्हटलं, जाऊ द्या आई. त्या म्हणाल्या, "नाही, जाऊ कसं द्यायचं?" मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला मी. बाकी काही झालं नाही.

तुम्ही शेवटच्या पत्रात माफी मागितलीत, कॉटच्या पायथ्याशी उभं राहून म्हटलेल्या त्या वाक्याबद्दल. मी वाचलं. पोचलं. आता परत मागू नका, दोघींनाही जड जातं. डॉक्टरीणबाई म्हणतात, दुसऱ्या नळीवर फारशी भिस्त ठेवू नका, बाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात ठेवण्याचा उपाय आहे, वय हातात आहे तोवर विचार करा. मी करत नाहीये. कधी करेनही. आत्ता मला फक्त झोप हवी आहे, पुष्कळ दिवसांची झोप.

पण त्या मुलीला मी जे खोटं सांगितलं, ते तुम्हाला खरं सांगते. कुणाला तरी सांगितलंच पाहिजे आणि दुसरं कुणी नाही.

मला ऑपरेशनच्या दिवशी कळलं नव्हतं. दोन दिवस आधीच कळलं होतं. पाळी चुकली होती, औषधाच्या दुकानातून पट्टी आणून घरी तपासलं, दोन रेघा आल्या. मी बाथरूममध्ये बादलीवर बसून होते, उठताच येईना. नवऱ्याला सांगितलं नाही. वाटलं, इतक्या वर्षांनी आलंय, थोडं माझ्याजवळच राहू दे. दोन दिवस मी काम करताना आपोआप गुणगुणत होते. दातांचे डॉक्टर म्हणाले, बाई, आज काय लॉटरी लागली की काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं की पहिल्यांदा तुम्हाला सांगायचं. त्यालाही नाही, आईंनाही नाही, तुम्हाला. जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा आणि तुम्ही "हं, बोल" म्हणालात की लगेच बोलून टाकायचं. वाक्य मनात पाठ करून ठेवलं होतं. जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता, आणि कळ आली.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही उभ्या होतात आणि मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा मला तेच सांगायचं होतं. रोगाचं नाही. ते वाक्य.

आज सांगते. ताई, तुम्ही आत्या झाल्या होतात. दोन दिवस. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच.

मुंगी